मलाही न सापडणारं ठिगळ

सोमवार, २ मार्च

रंगाच्या दुकानातून दरवर्षी मिळणारी डायरी माझी बायको कोरीना किराणा लिहायला पळवते. या वर्षी मी दडवून ठेवली. फुकटची असल्यामुळे रेघा अगदी फिक्या छापल्यात, पण फुकट ते पौष्टिक.

लिहायचं कारण असं. आमच्या नेडीनला भिंतदुरुस्तीच्या धंद्याचं लायसन्स तिच्या नावावर हवंय. काल रविवारी जेवताना म्हणाली, "पलीकडच्या रिओ रँचो शहरातल्या बिल्डरने मला जूनपासून मुकादम म्हणून बोलावलंय. एक तर लायसन्स माझ्या नावावर करा बाबा, नाहीतर मी जाते. एकोणचाळीसची झाले. अजून किती दिवस तुमच्या हाताखाली?"

मी म्हटलं, शेतकऱ्यांच्या संत इसिद्रोच्या दिवशी, १५ मेला, सांगतो. तोवर तिचं काम बघणार आणि इथे लिहिणार. 'आर्चुलेटा' हे नाव ट्रकवर मी चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने रंगवलंय. पोटची पोर असली म्हणून ते असंच देऊन टाकणार नाही.

आज हाइट्स वस्तीत एका तरुण जोडप्याकडे काम होतं. दाराची मूठ आपटून आपटून ड्रायवॉलला, म्हणजे जिप्समच्या पोकळ भिंतीला, भोक पडलेलं. नेडीनने ते चौकोनी कापलं, मागून लाकडाची पट्टी दिली, नवा तुकडा स्क्रूने बसवला, सांध्यांवर कागद चिकटवून वरून पुट्टी ओढली. पुट्टीचा तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे मान्य. पण भोक कोणीही बुजवतो. खरं काम त्यानंतरचं. इकडे एकही भिंत गुळगुळीत नसते. प्रत्येकीवर पुट्टीचे थेंब उडवलेले असतात, आणि ज्याने त्याने आपापल्या हाताने. नवा तुकडा जुन्या भिंतीत मिसळायचा तर तोच थेंब, तेवढाच दाट, तेवढाच चपटा पडायला हवा. ते काम मी दुसऱ्या कोणाला देत नाही. थेंबांचा हा पोत माझा.

रंग सुकल्यावर माझ्या रीतीप्रमाणे घरमालकिणीला दारात उभं केलं. म्हटलं, ठिगळ कुठे आहे, बोट ठेवून दाखवा. बरोबर दाखवलंत तर परत करतो, फुकट.

ती जागची हललीसुद्धा नाही. दारातूनच बोट करून म्हणाली, "ते ना?"

हिवाळ्यापासून ओळखलं गेलेलं हे चौथं ठिगळ. चाळीस वर्षांत चार झाली नव्हती. त्या नव्या एलईडी बल्बांचा हा प्रताप आहे. असला मुर्दाड उजेड पडला तर देवाने केलेली भिंतही उघडी पडेल. उद्या परत करायचं.

शुक्रवार, ६ मार्च

नेडीनने आज एक शहाणपणाची गोष्ट सुचवली, म्हणून तिच्या बाजूने लिहितो. म्हणाली, "बाबा, बोट ठेवायची परीक्षा त्याच दिवशी कशाला घेता? ओला रंग वेगळा दिसतो. आठ दिवस जाऊ द्या, भिंत मुरू द्या, मग जाऊ."

लोणचं मुरतं तशी भिंत मुरते, हे मला इतकी वर्षं सुचलं नाही. लगेच हो म्हटलं. तिचा चेहरा एकदम सैलावला. एवढ्याशा कौतुकाने खूश होते, म्हणजे पोर अजून कच्ची आहे.

बुधवार, ११ मार्च

हाइट्सवाल्या जोडप्याकडे परीक्षा. बाईने अख्खी भिंत चाचपली आणि भलतीकडेच बोट ठेवलं. नवऱ्याने कोपऱ्यात बोट ठेवलं, जिथे आम्ही कधी पोचलोच नव्हतो. मी मनात हसत होतो.

मग स्वतः पुढे गेलो. चष्मा पुसला, बॅटरी भिंतीला टेकवून आडवा उजेड पाडला. मलाही ठिगळ सापडलं नाही. मी केलेलं काम, मला! अडुसष्टाव्या वर्षी माणसाचा हात अजून सुधारतो, यावर मी कालपर्यंत विश्वास ठेवला नसता.

घरी येऊन कोरीनाला सांगितलं. ती तोर्तिया लाटत होती. म्हणाली, "तुला काल फ्रिजमधलं लोणीही सापडलं नव्हतं. डोळे दाखवून घे, लिब्राडो."

बायकोपाशी कौतुकाची अपेक्षा ठेवू नये.

शनिवार, १४ मार्च

नेडीन सकाळपासून गायब. दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणाली. मी शेड झाडायला गेलो तर पुट्टीची अर्धी बादली कमी. सोमवारी भरलेली होती, हे मला पक्कं आठवतंय.

बुधवार, १८ मार्च

तीन घरं झाली या पंधरवड्यात. लोकांच्या भिंती फुटतात हे आपलं नशीब.

पांढरा रंगही आता पूर्वीसारखा बनवत नाहीत. कोणत्याही कंपनीचा डबा उघडा, सायीसारखा पिवळट. दुकानात जाऊन मी सुनावलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, तोच रंग आहे, तोच नंबर." आजकाल कोणी चूक कबूल करत नाही.

ट्रक आता नेडीनच चालवते. संध्याकाळी तर मला किल्लीला हातही लावू देत नाही. समोरच्या गाड्यांचे दिवे फुलबाजीसारखे फुटतात, तेव्हा मला तरी कुठे हौस आहे? पण विचारायची रीत असते. लायसन्स मिळण्याआधीच हिने गाडी ताब्यात घेतली.

शुक्रवार, ३ एप्रिल

गुड फ्रायडे. दरवर्षीप्रमाणे टोमेची टेकडी चढलो. गर्दी होती. कोणी अनवाणी, कोणी पाठीवर लाकडी क्रूस घेऊन. वाटेत दोनदा अडखळलो. दुसऱ्यांदा नेडीनने कोपर धरलं ते वरपर्यंत सोडलं नाही. "पायरी आहे बाबा, दगड आहे बाबा," चालूच. मी म्हटलं, मी काय आंधळा आहे?

वर क्रुसापाशी ती बराच वेळ डोळे मिटून उभी होती. बहुधा रिओ रँचोची नोकरी मागत असावी.

उतरल्यावर कोरीनाने आणलेला कापिरोताडा खाल्ला. पाव, चीज, मनुका आणि पाक, उपासाच्या दिवसांत याच्यासाठीच जीव राहतो. गुडघे दुखताहेत. वय झालं असेल का, असं एकदा मनात येऊन गेलं. लिहून ठेवतो, कारण खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

शनिवार, ११ एप्रिल

पुन्हा दात. एका बाईला दात असतात तरी किती?

मी ट्रकचं मीटर काल लिहून ठेवलं होतं. आज शेहेचाळीस मैल जास्त. थेंब उडवायचं पिस्तूल धुतलेलं, पण नळीत ओली पुट्टी. म्हणजे ती कुठेतरी पोत मारून आली. माझं पिस्तूल, माझी पुट्टी, माझा ट्रक, आणि काम कोणाचं?

मला एवढंच वाटतं की ती माझीच गिऱ्हाइकं मागल्या दाराने स्वतःची करते आहे. असं लिहिताना बरं वाटत नाही. पण हिशेब दुसरा लागतच नाही.

सोमवार, २० एप्रिल

आज नेडीनने विचारलं, "एकदा मला पोत मारू द्या ना बाबा." मी तिला एका घरातल्या कपाटाच्या आतली भिंत दिली. तिथे फसलं तरी कोटांच्या मागे जाईल.

आधी तिने पुठ्ठ्यावर फवारून पाहिलं, पाणी वाढवलं, परत पाहिलं. मग दोन झटक्यांत भिंत केली. थेंब जरा आवळेपर्यंत थांबली आणि रुंद पट्टीने अलगद चपटे केले. जुन्या थेंबांच्या कडा रंगाच्या चार हातांनी गोल झालेल्या असतात, म्हणून नव्यांवरून ओला स्पंज फिरवला. हे मी तिला शिकवलंय की तिने कुठे पाहिलं, आठवत नाही.

मी बॅटरी लावून पाहिलं. खरं सांगायचं तर खोट सापडली नाही. पण एवढ्या सहज कोणाला जमत नाही, मला पाच वर्षं लागली होती. म्हणून म्हटलं, "थेंब जाड पडलेत. अजून वेळ आहे तुला."

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "कुठला थेंब, बाबा? दाखवा."

मी म्हटलं, एक असता तर दाखवला असता. ती बादली उचलून निघून गेली. मी चुकीचं बोललो असं घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

मंगळवार, ५ मे

काल आणि आज टफोयाबाईंकडे. नेडीनच्या शाळेच्या हेडमास्तरीण होत्या, आता ऐंशीच्या. छतावरचा कूलर गळून बैठकीची भिंत फुगली होती. मोठं काम, चार फूट बाय तीन फूट, तेही ऐन सोफ्याच्या वर. मार्चमध्ये यांच्या बहिणीचं काम आम्ही केलं, त्यावरून बोलावलं.

नेडीनने भिंत तयार केली, पोत मी मारला. असा हात लागला की काय सांगू. संपल्यावर टफोयाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग नेडीनकडे बघून म्हणाल्या, "छान. आता पुढचं तू बघशीलच." म्हातारपणी माणूस काहीही बोलतो. परीक्षा पुढच्या मंगळवारी.

शुक्रवार, ८ मे

आज जेवताना सगळं बाहेर आलं.

नेडीन उठता उठता म्हणाली, "उद्या सकाळी मी नाही, दाताचं..." मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, "कोणाच्या दाताचं? माझ्या बादल्या कुठे जातात, सांग. मीटरवर मैल कुठून येतात, सांग. बापाच्या शेडमधून माल चोरायचा, बापाची गिऱ्हाइकं पळवायची, आणि वर लायसन्स मागायचं?"

कोरीना म्हणाली, "लिब्राडो, पुरे."

मी थांबलो नाही. चोर म्हणालो. तो शब्द मी वापरला, इथे लपवत नाही.

नेडीन पांढरी पडली. एवढं तर मला दिसलं. म्हणाली, "पंधरा तारखेची वाट बघायला नको बाबा. मी रिओ रँचोला हो कळवते." ट्रकची किल्ली टेबलावर ठेवली आणि चालत बस स्टॉपकडे गेली.

हिरव्या मिरचीचा रस्सा तसाच गार झाला.

शनिवार, ९ मे

नेडीन आली नाही. कोरीना बोलत नाही. वारा सुटलाय, सगळीकडे माती.

मंगळवार, १२ मे

हे लिहायला जड जातंय, पण लिहितो.

परीक्षेचा दिवस म्हणून एकटाच बसने टफोयाबाईंकडे गेलो. म्हटलं, निदान एक तरी घर असं असेल जिथे लिब्राडो आर्चुलेटाला मान आहे. त्यांना दारात उभं केलं, नेहमीचं वाक्य बोललो.

त्या म्हणाल्या, "लिब्राडो, थट्टा करताय का?"

"नाही. ठिगळ दाखवा."

"दाखवायचं काय त्यात? सोफ्यावर बसलेला माणूस आणि ते, दोन्ही एकदमच दिसतात." आणि सरळ चालत जाऊन त्यांनी हात ठेवला. एक बोट नाही, अख्खा हात. "नेडीन शनिवारी येणार होती ना दुसरा हात मारायला? आली नाही. फोन केला तर म्हणाली, आता मला नका विचारू, बाबांना विचारा. भांडलात की काय?"

मी म्हटलं, कसला दुसरा हात?

"माझ्या बहिणीकडे नाही का मारला? तुम्ही करून गेलात, मग शनिवारी ती येऊन खरवडून पुन्हा करून गेली. म्हणाली, आमच्या कामात पोताला दोन हात लागतात."

आमच्या कामात पोताला दुसरा हात नसतो. जो पडतो तो एकच.

मी भिंतीपाशी गेलो. मला ती नेहमीसारखीच दिसत होती, एकसारखी, दुधाळ. मग डोळे मिटले आणि तळवा ठेवला. आधी जुन्या भागावर. बारीक, चपटे, गोल कडांचे थेंब. तसाच हात सरकवत नव्या भागावर नेला. तिथे जाड, टोकदार, कुठे दोन एकमेकांवर चढलेले, कुठे वीतभर जागा कोरी. शिकाऊ पोराने केलं असतं तर मी त्याला दिवसभर बादल्या धुवायला लावल्या असत्या.

टफोयाबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझे मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वी काढले, दोन्ही डोळ्यांचे. वीस मिनिटं लागतात. लाज कसली त्यात?"

लाज डोळ्यांची नव्हतीच. शुक्रवारच्या त्या शब्दाची होती. तिथून हाइट्सवाल्या जोडप्याला फोन केला. त्यांचंही तेच. "हो, तुमची मुलगी येऊन फिनिशिंग करून गेली ना." तो ७ मार्चचा शनिवार होता. दाताच्या पहिल्या सबबीच्याही आधीचा.

बुधवार, १३ मे

कोरीनाने मला नेडीनच्या घरी सोडलं आणि स्वतः गाडीतच बसून राहिली. "तू एकटा जा," म्हणाली, "बोलतानाही एकटाच होतास."

नेडीनने दार उघडलं, बाजूला झाली, पण या म्हणाली नाही. मी उभ्या उभ्याच विचारलं, "किती घरं?"

तिला लगेच कळलं. "अकरा. ऑक्टोबरपासून."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तीनदा. डोळे दाखवा म्हटलं. तुम्ही म्हणालात, गिऱ्हाइकांना बल्ब बदलायला सांग." तिला हसू आलं आणि त्याच्यातच रडू आलं. "लोक मला फोन करायचे, बाबा. तुमच्या वडिलांना सांगायला कसंतरी वाटतं, म्हणायचे. मी म्हणायचे, येते शनिवारी. मग तुम्ही आठ दिवसांनी जाऊन भिंतीसमोर उभे राहायचात, आणि असे खूश व्हायचात... मग कसं सांगू? लायसन्स मागितलं ते यासाठीच. माझ्या नावावर असतं तर पोत मीच मारला असता, तुम्हाला काही बोलावं लागलं नसतं. आणि तुम्ही मला चोर म्हणालात."

"म्हणालो. चुकलो मी, पोरी. फार चुकलो."

ती खुर्चीत बसली. मीही बसलो. मग मी विचारलं, कारण न विचारता राहवेना, "सगळीच परत केलीस? माझं एकही राहिलं नाही?"

तिने जरा विचार केला. "एक आहे. तुमच्या घरातलं. नोव्हेंबरमध्ये पाण्याची टाकी फुटली, तेव्हा बोळातली भिंत केलीत ना, ती. मी करायला गेले होते, आईने हातच लावू दिला नाही."

गाडीत बसल्यावर कोरीनाला विचारलं, "बोळातलं ठिगळ तुला दिसतं?"

"रोज. दिवा लावला की."

"सहा महिने? बोलली नाहीस ती?"

"एखाद्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून तू कधी ताट फेकलंस का?" म्हणाली आणि गाडी सुरू केली. रस्ताभर मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर काही धड दिसत नव्हतं, आणि या वेळी ते मोतीबिंदूमुळे नव्हतं.

गुरुवार, १४ मे

डोळ्यांच्या डॉक्टरकडे. नेडीनने मार्चमध्येच वेळ घेऊन ठेवली होती आणि दर महिन्याला पुढे ढकलत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टरने विचारलं, काम काय करता. सांगितलं. तो नेडीनकडे बघायला लागला. ती म्हणाली, "हाताच्या अंदाजाने करतात." उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ४ जूनला, डाव्याचं नंतर.

शुक्रवार, १५ मे

संत इसिद्रोचा दिवस. सकाळी मूर्ती खांद्यावर घेऊन सगळे पाटापर्यंत गेलो. पाद्रींनी पाण्याला, कुदळींना आणि ट्रॅक्टरांना आशीर्वाद दिला. नेडीनने आमच्या ट्रकवरही चार थेंब शिंपडून घेतले.

घरी येऊन लायसन्सच्या अर्जावर सही केली. कुठे करायची, ते तिने बोट ठेवून दाखवलं. तिच्या एकटीच्या नावावर, दोघांच्या नाही. रिओ रँचोला तिने अजून कळवलं नव्हतं. कळवते म्हणाली तो राग होता. आता नाही म्हणून कळवलं. टफोयाबाईंची भिंत उद्या, पुट्टी मी कालवणार आणि पोत ती मारणार. मी बादली धुवायलाही तयार आहे, पण ते तिला अजून सांगितलेलं नाही, एकदम सगळं देऊ नये.

दुपारी सणाच्या जेवणाला पाहुणे यायच्या आधी ती बोळात शिडी घेऊन आली. हातात खरवडायची पट्टी. "आज हेही उरकून टाकते, बाबा. आई काही म्हणणार नाही आता."

मी शिडीसमोर आडवा उभा राहिलो. तिला म्हटलं, चार जूनपर्यंत थांब. आधी मला ती भिंत बघायची आहे.